जुन्या अमेरिकन आल्कोचं डब्ल्यूडीएम-२ करताना : रंग, पट्टा, नंबर आणि सत्त्याऐंशीचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आल्को या अमेरिकन कंपनीच्या डिझेल इंजिनाचं एचओ स्केलचं एक जुनं छोटं मॉडेल हातात आलंय, अंगावर तिकडच्या कुठल्यातरी रेल्वेचा निळा रंग आहे, चालतंय बरं, आणि ते तुम्हाला आपल्या मिरज-कोल्हापूर लाईनवरचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन करून वडिलांना जानेवारीत पंच्याहत्तरीला द्यायचंय. वडील या लाईनवर गार्ड होते, इंजिनासमोर उभं राहून काढलेला त्यांचा एक कलर फोटो घरात आहे, त्यावरनं रंग घ्यायचाय. आणि गाडीच्या टचअपचे दोन स्प्रे कॅन आणून ठेवलेत, ते निळ्यावरनंच थेट मारले तर चालतील का.

नाही चालणार. कॅन बाजूला ठेवा, का ते सांगतो. कल्पना मात्र लय भारी आहे आणि वेळही भरपूर आहे हातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे काम मी बरीच वर्षं करतोय आणि त्यात एकच हिशोब डोक्यात ठेवतो. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान, त्यामुळं मॉडेलवर जे काही कराल त्याला मनात ८७ ने गुणायचं. रंगाचा थर ०.१ मिमी चढला तर खऱ्या इंजिनावर तो जवळजवळ ९ मिमी जाडीचा झाला, म्हणजे इंजिनाला प्लास्टर केल्यासारखं. दाराच्या कडा, बिजागऱ्या, रेडिएटरच्या जाळ्या, सगळं त्या थराखाली बुजतं आणि मग रंग कितीही चकाचक असू दे, बघणाऱ्याला ते खेळणंच दिसतं. जुन्या निळ्यावर अस्तर, त्यावर लाल, त्यावर पट्टा, त्यावर क्लिअर म्हणजे बिनरंगी वार्निश, असं करत गेलात की हेच होतं. म्हणून आधीचा रंग उतरवायचा आणि नवीन जितका पातळ बसवता येईल तितका बसवायचा.

आता ते कॅन. गाडीच्या कॅनमधलं सॉल्व्हंट कडक असतं, पत्र्यासाठी केलेलं. मॉडेलची बॉडी असते पॉलिस्टायरीन नाहीतर एबीएस प्लास्टिकची, तिला ते खातं. हा धडा मी स्वतः महागात शिकलोय. सुरुवातीच्या काळात उद्यमनगरात एका ओळखीच्या रंगाच्या दुकानात विचारलं की जुना रंग काढायला काय वापरू, त्यांनी एनसी थिनर दिला, त्यांचं रोजचं काम पत्र्याचं, त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते. मी फडक्यावर घेऊन कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीच्या, छपरावर फिरवला आणि रंगाबरोबर छप्परही फडक्याला चिकटून आलं, हॉर्नच्या जागी बोटाचा ठसा उमटला. ती बॉडी परत कधी सरळ झाली नाही. तेव्हापासून कुठलंही नवीन द्रव्य आधी जुन्या सीडीच्या पारदर्शक डबीवर टाकून बघतो. ती डबी पॉलिस्टायरीनचीच असते, एक थेंब टाकायचा, पाच मिनिटांनी पुसायचा. जागा धुरकट झाली, चिकट लागली किंवा बारीक भेगा पडल्या तर ते इंजिनाजवळ न्यायचं नाही.

सुरुवात मात्र रंगापासनं नाही, चालवण्यापासनं करा. ट्रॅकवर दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास पळवा, आवाज ऐका, लाईट बघा. काही बिघाड असेल तर तो आत्ताच काढायचा, रंगवून झालेल्या बॉडीला परत परत बोटं लावून उघडायला लागलं तर सगळं मुसळ केरात. मग उघडा. बहुतेक मॉडेलात बॉडी डिझेल टाकीच्या आसपास नाहीतर कपलरजवळच्या, म्हणजे डबे जोडायच्या आकड्याजवळच्या, स्क्रूवर असते, काहींत नुसत्या खाचा असतात, त्या नखानं हळू पसरायच्या, ताकद लावायची नाही. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा, खास करून वायरी कुठनं कुठं गेल्यात त्याचे. काचा, हँडरेल, हॉर्न, कपलर सगळं वेगळं करा. स्क्रू आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवतो मी, सोमवारच्या खणात पुढचे, मंगळवारच्या खणात मागचे, असं.

रंग उतरवायला आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं घ्या. झाकणाच्या डब्यात बॉडी पूर्ण बुडेल इतकं ओतायचं आणि अर्ध्या अर्ध्या तासानं काढून मऊ टूथब्रशनं घासायचं. काही कंपन्यांचा रंग तासाभरात सालीसारखा सुटतो, काहींचा अजिबात हलत नाही. नाही हलला तर दोन-दोन दिवस बुडवून ठेवू नका, काही प्लास्टिक त्यानं ठिसूळ होतं. चार-पाच तासांत जेवढं निघेल तेवढं काढा, राहिलेलं १००० नंबरच्या वॉटर पेपरनं पाण्यात हलकं घासून सपाट करा. खाचाकोपऱ्यात थोडा निळा राहिला तर बिघडत नाही, कडा मोकळ्या झाल्या की झालं. ब्रेक ऑइलनंही रंग निघतो असं लोक सांगतात, निघतो, पण ते हाताला वाईट, धुवायला कटकट, आणि आयपीए मिळत असताना त्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र कडक पाळा, आयपीए पेट घेतं आणि वाफ खोलीत साठते. स्वयंपाकघरात करायचं नाही, देवघराजवळ करायचं नाही, खिडकी उघडी पाहिजे आणि हातात ग्लोव्हज पाहिजेत.

आता हे अमेरिकन इंजिन डब्ल्यूडीएम-२ कितपत होईल ते स्पष्ट सांगतो. आपलं डब्ल्यूडीएम-२ मुळात आल्कोचंच डिझाईन, २६०० हॉर्सपॉवरचं, पहिली इंजिनं १९६२ ला अमेरिकेतनं आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनायला लागली. त्यामुळं एका बाजूला लांब हूड म्हणजे यंत्रावरचं झाकण, दुसऱ्या बाजूला आखूड हूड, मध्ये कॅब ही ठेवण ओळखीची वाटते, आणि तुमच्या मॉडेलला तीन आक्सलची ती बोगी (डबा नव्हे, खालची चाकांची चौकट) असेल ज्यात मधलं चाक एका बाजूला सरकलेलं दिसतं, तर निम्मं काम तिथंच झालं. लांबी मोजा. खरं इंजिन बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेलवर १९७ मिमी. दोन-चार मिमी इकडंतिकडं असेल तर सोडून द्या. रुळाची रुंदी तर कधीच जुळणार नाही, आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओत तो १९.३ मिमी यायला पाहिजे आणि मॉडेल चालतं १६.५ मिमीवर. भारतीय गाड्या करणारे बहुतेक सगळे हे मान्य करूनच चालवतात, चाकं बदलायच्या नादी लागू नका.

जिथं मेहनत घ्यायची ती जागा म्हणजे तोंड. अमेरिकन इंजिनाला बफर, म्हणजे तोंडावरचे धक्का झेलणारे दोन गोल दट्टे, नसतात आणि बफर नसलेलं इंजिन आपल्या डोळ्याला, त्यातनं गार्डाची नोकरी केलेल्या माणसाच्या डोळ्याला, पहिल्या सेकंदाला परकं वाटतं. रुळाच्या माथ्यापासून बफरचा मध्य १२.७ मिमीवर आणि दोन बफरमधलं अंतर साडेबावीस मिमी ठेवा, हे खऱ्या १,१०५ आणि १,९५६ मिमीवरनं काढलंय. युरोपियन मॉडेलचे सुटे बफर मिळतात, नाहीतर पितळी नळी आणि तिच्या तोंडावर गोल चकती असे स्वतः करता येतात. खाली कॅटल गार्ड, म्हणजे रुळावरची जनावरं बाजूला सारणारी जाळी, ०.५ मिमी स्टायरीन पट्ट्यांचं.

हँडरेलचं तर मी सरळ म्हणतो की मूळचे फेकून द्या. जुन्या अमेरिकन मॉडेलांचे हँडरेल बहुतेक मऊ, घसरड्या प्लास्टिकचे असतात, त्यावर रंग धरत नाही, एकदा बोट लागलं की पापुद्रा निघतो, आणि जाडीही जास्त असते. ०.४ मिमी पितळी तार घ्या. ८७ ने गुणा, ३५ मिमी येतात, म्हणजे हातात मावणारा बरोबर पाईप. आणि या बाबतीत कोल्हापुरात राहणं म्हणजे नशीब आहे बघा, गुजरीत सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात जावा, बारीक तार, ०.५ मिमीचे ड्रिल, ते हातानं फिरवायचे बारीक पकड, टोकदार चिमटे, सगळं एका काउंटरवर मिळतं. मॉडेलच्या नावाखाली बाहेरनं मागवलं असतं तर दोन महिने वाट बघत बसलो असतो. तारेला वाक द्यायला लाकडाच्या पट्टीवर दोन खिळे ठोकून साचा करा, म्हणजे सगळे खांब एका उंचीचे येतात, आणि जोड सोल्डर करा. फेव्हिक्विकचे जोड वाहतुकीत सुटतात.

आत्ता श्रावण चाललाय, बाहेर धो धो. हे सगळं, म्हणजे उतरवणं, बफर, तार, बुजवायची भोकं, आत्ताच करून घ्या. बुजवायला प्लास्टिक मॉडेलची पुटी, भिंतीची किंवा पत्र्याची पुटी नको, ती जाड असते आणि आक्रसते. ४०० नं सुरू करून ६००, मग १०००. पण रंगाला हात दसऱ्यानंतर घाला. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेत एवढी ओल असते की सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि रंग पांढरट, दुधाळ होऊन बसतो. अॅक्रिलिकला हे कमी होतं पण ते वाळत नाही लवकर, आणि कॉम्प्रेसरच्या नळीतनं पाण्याचा थेंब आला की ऐन बॉडीवर फुगा. उलट एप्रिल-मे मध्ये दुपारी मारलात तर रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो. दिवाळी ते होळी, सकाळी नऊ ते अकरा, ही माझी वेळ. तुमचा जानेवारी त्यात बरोबर बसतो.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेनासारखं हत्यार, नसेल तर लगेच विकत घेऊ नका. मी स्वतः शिकलो ते बापट कॅम्पात, शेजारच्या गल्लीतल्या एका मूर्तिकाराकडं. गणपतीच्या गालावर, सोंडेवर जी सावली विरत गेलेली असते ती एअरब्रशनंच मारतात, आणि त्यांचा हात एका सीझनमध्ये जेवढा फिरतो तेवढा आपला दहा वर्षांत फिरत नाही. अनंत चतुर्दशीनंतर त्यांना उसंत असते, ओळख काढा, दोन दिवस जाऊन बसा. मला त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट करायला लावली, कागदावर रेघ मारायची आणि ट्रिगर सोडायच्या आधी हात थांबवायचा नाही. हात आधी हलवायला सुरू करायचा मग रंग सोडायचा, रंग बंद करायचा मग हात थांबवायचा. ओघळ येतात ते नव्वद टक्के वेळा हात थांबल्यामुळंच.

०.३ मिमी नोझल, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, दहा-बारा सेंटीमीटरवरनं. अॅक्रिलिक रंग त्याच्याच थिनरनं दुधाइतका पातळ करायचा, कपाच्या भिंतीवर लावला की दुधासारखा ओघळून मागं पातळ पडदा राहिला पाहिजे. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचं सगळं दिसत असतं आणि मन म्हणतं अजून थोडा मार, तिथं थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. तीन-चार हातांत अंग भरतं.

बॉडी मारायच्या आधी भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा, गरम पाण्यात नको, बॉडी वाकते. त्यानंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही, बोटाचं तेल रंगाखालनं वर येतं. पितळी तारांना धातूचं प्रायमर वेगळं. आणि एक काम बहुतेक जण विसरतात, हेडलाईटच्या आसपास बॉडी आतनं आधी काळी करून घ्या, नाहीतर एलईडी लावल्यावर अख्खं तोंड आतनं लाल कंदिलासारखं उजळतं. लाईटचं म्हणाल तर साध्या १२ व्होल्ट डीसीवर वॉर्म व्हाईट एलईडी आणि एक किलोओहमचा रेझिस्टर, झालं.

आता रंग कुठला. फोटोवरनं थेट घेऊ नका. जुने कलर प्रिंट उजेडानं आणि वयानं रंग बदलतात, तुमचा लाल आता नारिंगीकडं झुकला असेल आणि क्रीम पट्टा पिवळा झाला असेल. त्याच फोटोत असं काहीतरी शोधा ज्याचा रंग तुम्हाला नक्की माहितीये, वडिलांचा पांढरा युनिफॉर्म, हातातलं हिरवं निशाण, आणि ते जेवढं सरकलंय तेवढाच इंजिनाचा रंग उलटा सरकवा. दुसरं म्हणजे खऱ्या इंजिनाचा तंतोतंत रंग छोट्या मॉडेलवर गडद दिसतो, म्हणून किंचित फिका करायचा. लाल फिका करायला पांढरा घातला की गुलाबी होतो, त्याऐवजी थोडा क्रीम किंवा फिका करडा घाला. सीडीच्या डबीवर तीन-चार छटा मारून उन्हात आणि ट्यूबलाईटखाली दोन्हीकडं बघा, वडील ज्या खोलीत ठेवणार तिथला उजेड महत्त्वाचा.

आधी फिका रंग, मग गडद. म्हणजे फिकट करडं अस्तर, मग पट्टा येणार त्या भागात क्रीम, मग तो पट्टा टेपनं झाकून बाकी सगळं लाल. उलटं केलंत तर लालावर क्रीम बसवायला पाच-सहा हात लागतील आणि पट्टा बॉडीवर उठून येईल, परत ८७ ने गुणा. क्रीम आणि टेप यांच्यात हिवाळ्यात एक दिवस, हवा ओली असेल तर दोन दिवस जाऊ द्या.

टेपचं जरा नीट ऐका, कारण पट्ट्याच्या रेषेवरच अख्खं काम तोललं जातं. मॉडेलसाठीची पातळ पिवळी टेप मिळते, टामियाची मी वापरतो. रोलच्या कडेला धूळ आणि केस चिकटलेले असतात, म्हणून टेप आधी काचेवर चिकटवायची आणि नवीन ब्लेडनं स्टीलच्या पट्टीला धरून ताजी कड कापायची. बॉडीवर ओढून नाही लावायची, ठेवत जायची, ओढलेली टेप तासाभरात आक्रसते आणि रेष वाकते. दारांच्या उंचवट्यांवर टूथपिकच्या मागच्या बाजूनं दाबत जा, टेपमधनं बिजागरीचा आकार उमटला पाहिजे. मग लाल मारायच्या आधी त्याच कडेवरनं क्रीमचाच एक हलका हात. जिथं फट राहिली असेल तिथं क्रीमच आत शिरतं आणि फट बंद होते, त्यावर लाल मारला की आत जायला वाट नाही. हा एक हात वाचवायला गेलेल्यांचे पट्टे मी बघितलेत, कडेला दाते पडलेले. शेवटचा लाल हात झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, रंग हाताला लागत नाही पण पुरता कडकही झालेला नाही अशा वेळी, टेप स्वतःवर उलटी दुमडून सावकाश काढा.

नंबर आणि अक्षरं. रेडियमवाल्याकडनं कापून आणायचा विचार असेल तर सोडा, मॉडेलवरचा आकडा दोन-तीन मिमीचा, त्याच्या मशीनला एवढं बारीक नीट जमत नाही आणि विनाईलची जाडी दिसते. वॉटरस्लाईड डेकल पाहिजेत, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरनं सरकवत लावायची पातळ छापील अक्षरं. अडचण अशी की साध्या प्रिंटरला पांढरा रंग नसतो, त्यामुळं लालवर पिवळा किंवा पांढरा आकडा छापला की तो दिसतच नाही. पांढऱ्या टोनरवर छापून देणारा शोधा, बाहेरगावचा चालेल, पाकिटात येतात. देवनागरी मजकूर तुम्ही स्वतः बसवून द्या, जोडाक्षरं तुटलीत का ते छापायच्या आधी चारदा बघा, आणि प्रत्येक गोष्ट तीन-तीन प्रती मागवा, एक तरी फाटतेच. डेकल मॅट रंगावर लावले तर खाली हवा अडकून कडा चंदेरी चमकतात, म्हणून आधी क्लिअर ग्लॉसचा हात, मग डेकल, मग डेकल बसवायचं सोल्युशन लावून खाचांत बसवायचे, दुसऱ्या दिवशी ओल्या कापसानं टिपून वरनं सॅटिन क्लिअर.

फोटोत नंबरातले शेवटचे दोन आकडे वडिलांच्या खांद्यामागं गेलेत असं तुम्ही लिहिलंय. ते अंदाजानं टाकू नका. रेल्वेतल्या माणसाला इंजिनांचे नंबर लक्षात असतात. फोटो समोर ठेवून बोलण्याबोलण्यात विषय काढा, मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झाली १९७१ ला, त्याच्या आधी हितं मीटरगेजच होती, तर तेव्हाचं काय आठवतंय इथनं सुरू करा, नंबर आपोआप बाहेर येईल.

मळवायचं की नाही यावर लोकांची मतं वेगळी आहेत, मी थोडं मळवतोच. आल्कोचा काळा धूर सगळ्यांना माहितीये, एक्झॉस्टच्या भोवती छपरावर पातळ काळा, बोग्यांवर आणि टाकीवर मातकट धूळ, ती कोरड्या पेस्टल खडूची पूड करून मऊ ब्रशनं. चाकांचा रुळाला लागणारा भाग, वीज घेणाऱ्या पट्ट्या आणि गिअर यांना पूड किंवा रंग लागता कामा नये, बोगी मळवताना ते टेपनं झाका. आणि हात आखडताच ठेवा, गार्डाच्या आठवणीतलं इंजिन धुतलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

जोडताना हँडरेलची भोकं रंगानं आवळलेली असतील, ०.५ चं ड्रिल बोटांनी फिरवून परत मोकळी करा, तार दाबून घुसवलीत तर भोवतीचा रंग तडकतो. मग परत ट्रॅकवर अर्धा तास.

शेवटचा हात आणि पॅकिंग यात आठवडाभर तरी जाऊ द्या. नाकाजवळ धरून वास येतोय तोवर रंग आतनं वाळलेला नाही. आणि बबल रॅप थेट इंजिनावर गुंडाळू नका, ताज्या रंगावर त्याच्या गोल गोल फुग्यांचे ठसे उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. आधी बटर पेपर, त्यावर मऊ सुती कापड, मग खोक्यात स्पंज, आणि हँडरेलवर वजन येणार नाही अशा बेतानं इंजिन चाकांवर उभं.